शेपटीचा पडदा

शिलाई दोन प्रकारची असते, कच्ची आणि पक्की. कच्ची म्हणजे लांब लांब टाके घातलेली, माप बघण्यापुरती. टोक धरून ओढलं की सरसर निघून येते. पक्की म्हणजे माझी.

नोकरीही अशीच दोन प्रकारची असते, हे आमची धाकटी विमानतळावर लागली तेव्हा कळलं. तिची कच्ची होती. समारंभ, पाहुणे, खुर्च्या, हारतुरे हे सगळं ती बघायची, पण हजेरीच्या यादीत तिचं नाव सगळ्यात खाली, तेही पेन्सिलीने. साहेबांनी तिला सांगितलं होतं, की कंपनीचं ते नवं प्रचंड मोठं विमान येतंय, त्याचा समारंभ नीट पार पाडा, मग तुमचं पक्कं करायचं बघू. 'बघू' हा शब्द मला आवडत नाही. पडदे शिवून झाल्यावर गिऱ्हाइकंही 'न्यायला येऊ, बघू' म्हणतात आणि मग ते पडदे आमच्याच खिडकीला लागतात. आमच्या घरात प्रत्येक खिडकीचा पडदा वेगळा आहे तो त्यामुळे. हौस म्हणून नव्हे.

तर एके दुपारी धाकटीचा फोन आला. "आई, मोठ्या विमानाच्या पडद्याचं काम आहे. घेशील?"

घेणारच. आमचं पडद्यांचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर आहे. पुढे दुकान, मागे आम्ही. हे कापड कापतात, मी शिवते. बोलायचं कामही माझ्याकडेच आहे, कारण ह्यांना गिऱ्हाइकापुढे उभं केलं तर ते त्याला पडदा न लावण्याचे फायदे समजावून सांगतात.

फोन ठेवला आणि दिवा लागायच्या आत गल्लीभर झालं. मी कोणाला मुद्दाम सांगायला गेले नाही. दुकानाच्या पायरीवर उभी राहून जरा मोठ्याने ह्यांना सांगितलं, एवढंच. समोरच्या घरातली आली. तिचा जावई कुठेतरी मोठा कोणीतरी आहे, त्यामुळे तिला कोणाचं काही मोठं झालेलं बघवत नाही.

"कुठला गं पडदा? खिडक्यांचा?"

"मधला," मी म्हटलं. "पुढे बसणाऱ्यांना मागे बसणारे दिसू नयेत म्हणून लावतात ना, तो."

"अगंबाई! आणि तू शिवणार?"

"मग काय तुझा जावई शिवणार?"

इथवर सगळं व्यवस्थित होतं. दुसऱ्या दिवशी धाकटी मापाचा कागद घेऊन आली.

ह्यांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "हे इंच असतील."

"बाबा, मीटर आहेत."

"विमानाच्या आत एवढी जागा असते?"

"आतला नाही हो. शेपटीचा पडदा आहे."

विमानाला शेपटी असते हे मला ठाऊक होतं. तिला पडदा लागतो हे नवीन होतं. धाकटीने समजावून सांगितलं, की शेपटीवर कंपनीचं नवं चिन्ह रंगवलंय, ते झाकून ठेवायचं. शेपटीच्या वरच्या कडेला एक जाड पट्टा बांधतील, त्या पट्ट्याला पडदा टाचायचा, कच्च्या टाक्यांनी. पडद्याला एक लांब दोरी. पाहुणे ती खालून ओढणार, टाके निघणार, पडदा पडणार, चिन्ह दिसणार, टाळ्या.

"म्हणजे पडण्यासाठीच लावायचा?"

"हो."

"माझा पडदा?"

"आई, प्लीज."

मला हे काही पटलं नाही. पडदा ह्या शब्दातच पडणं आहे, असं ह्यांनी मध्येच सांगून पाहिलं. त्यांना मी आत चहा ठेवायला पाठवलं. नाही म्हणायची सोय मात्र राहिली नव्हती. एक तर धाकटीचं पक्कं व्हायचं होतं, आणि दुसरं म्हणजे समोरच्या बाईला काय सांगणार?

ती शेपटी जमिनीपासून मोजली तर आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडेसुद्धा वरून बघते. तिचा नुसता रंगवलेला भाग झाकायचा म्हटला तरी कापड पसरायला आमचं दुकान म्हणजे रुमाल. मग इमारतीच्या खालच्या गाड्या लावायच्या जागेत पसरायचं ठरलं. त्यासाठी सेक्रेटरींची परवानगी लागते. ह्या माणसाची स्वतःची बंद पडलेली गाडी तिथे इतकी वर्षं उभी आहे, की तिच्यावरच्या धुळीत मुलांनी बेरजा केल्यात. पण नियमाला पक्का. म्हणाला, अर्ज द्या, कारण लिहा. ह्यांनी लिहिलं, 'विमानाचे कापड पसरणेकामी.'

सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला. "विमान इथे येणार आहे का?"

"नाही हो," मी म्हटलं. "विमान तिकडेच राहील. त्याचे फक्त कपडे इथे."

"बाकीच्या सभासदांची हरकत नसेल तर."

बाकीच्या सभासदांची हरकत नव्हती. सल्ले होते. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, जन्मभर पुलांचे नकाशे काढले. सगळे त्यांना नकाशेवालेच म्हणतात. ते जिन्यातूनच ओरडत उतरले.

"वहिनी, वाऱ्याचा विचार केलात का? हा पडदा नाही, हे शीड आहे. वारा भरला तर विमान उलटं चालायला लागेल!"

"विमानाला ब्रेक असतो."

"पडद्याला नसतो!"

आणि संध्याकाळी त्यांनी एक नकाशाच आणून दिला. वाऱ्याची दिशा लाल बाणांनी दाखवली होती. सगळे बाण आमच्या दुकानाकडे येत होते. समोरची म्हणाली, रंग निळा घेऊ नकोस, आभाळात दिसायचा नाही. पहिल्या मजल्यावरच्या सूनबाई म्हणाल्या, उरलेल्या कापडातून माझ्या सोफ्याला कव्हर होईल का. अजून कापायला सुरुवात नव्हती आणि हिला उरलेलं दिसत होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे नंतर कोणी मला बोल लावू नये. आमच्या धंद्यात खिडकीची रुंदी मोजली की कापड तिच्या दुप्पट घ्यायचं. त्याशिवाय चुण्या पडत नाहीत, आणि चुण्या नसलेला पडदा म्हणजे वाळत घातलेली चादर. ह्यांनी आयुष्यात इतकी मापं दुप्पट केलीत, की दूध आणायला पाठवलं तरी दुप्पट आणतात. त्यामुळे धाकटीचा कागद हातात आल्यावर ह्यांनी चष्मा पुसता पुसताच रुंदी दुप्पट केली. मला विचारलं नाही. आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही, कारण चुण्या नसलेला पडदा मी कधी शिवलेलाच नाही.

शिवला. कसा शिवला ते आमच्या पाठीला विचारा. मशीन दुकानात, कापड बाहेर, त्यामुळे मशीनच उचलून बाहेर आणलं. माणसं जिन्याकडे जायला कापडावरून जात. मी सगळ्यांना चपला हातात घ्यायला लावल्या. सेक्रेटरीसुद्धा बूट हातात घेऊन, मोजे वाचवत, आपल्याच नियमांच्या कडेकडेने गेले. शेवटी तो पडदा गुंडाळला तेव्हा झोपलेल्या हत्तीएवढा झाला, आणि टेम्पोवाल्याने विचारलं, "ह्याच्यात कोणी आहे का?"

विमानतळाच्या मागच्या फाटकावर तपासणी होती. तिथे गणवेशातली एक बाई. माझ्याकडे बघून तिने आधी हात पुढे केला, मग गुंडाळी बघून मागे घेतला.

"काय आहे?"

"पडदा."

"उघडून दाखवा."

"बाई, हा उघडायला तुमचा विमानतळ पुरायचा नाही."

मग तो त्यांच्या त्या सामान बघायच्या यंत्रात घातला. पुढचं टोक तपासून बाहेर आलं तेव्हा मागचं टोक अजून टेम्पोत होतं. यंत्राचा सरकता पट्टा अडकला, यंत्र कुंथलं, मागे रांग लागली. रांगेत एक वैमानिक होता. तो मला म्हणाला, "मावशी, मला विमान चालवायला जायचंय." मी म्हटलं, "तू नाही गेलास तर ते कुठे जाणारे?" हे त्याला पटलेलं दिसलं.

माझ्या पिशवीत सुया, दोरा आणि कात्री होती. गणवेशवाल्या बाईने भिंतीवरची यादी वाचली. सुई यादीत नव्हती म्हणून चालली. कात्री यादीत होती म्हणून चालली नाही. माझी कात्री तिने एका आरपार दिसणाऱ्या पिशवीत घातली, खुनातलं हत्यार घालतात तशी, आणि वर चिठ्ठी चिकटवली.

"मग मी दोरा कशाने तोडू?"

"ते यादीत नाही."

आणि मग विमान बघितलं. खोटं कशाला बोलू, मोठं होतं. दोन मजली. खिडक्यांच्या दोन ओळी, इमारतीला असतात तशा, आणि एकाही खिडकीला पडदा नाही. नुसती प्लॅस्टिकची झापडं. एवढा खर्च करून माणसं शेवटी झापडांवर येतात. ते उभं होतं त्या अवाढव्य शेडला हँगर म्हणतात. नाव हँगर, आणि अख्ख्या जागेत काही अडकवायला एक खुंटी नाही.

लांब हाताची एक गाडी असते, तिच्या टोकाला माणसं उभी राहतील एवढी टोपली. तीत उभं राहून मी पट्ट्याला पडदा टाचला. कच्चा. हाताला लाज वाटत होती, पण टाचला. खाली आले, आणि पडदा सोडला.

चुण्या छान पडल्या होत्या. एकसारख्या, वरपासून खालपर्यंत. हे मान डोलवत होते.

"बाबा!" धाकटीचा आवाज फाटला. "चुण्या कशाला?"

"पडदा आहे ना?"

"विमानाला झगा घातलात!"

तेवढ्यात साहेब आले. उंच, बारीक, सगळ्या बाजूंनी इस्त्री केलेले. मान वर करून बघत राहिले. "हे असं फुगीर का आहे?"

धाकटी लगेच म्हणाली, "वारा खेळता राहावा म्हणून, सर. रंग नवा आहे. घुसमटायला नको."

साहेब 'अच्छा' म्हणाले. मी मुलीकडे नव्याने बघितलं.

पण दुप्पट कापड म्हणजे वजनही दुप्पट. दोरीला कोणी हात लावायच्या आत डाव्या कोपऱ्याचे टाके आपोआप सुटले आणि पडदा एका बाजूने ओघळला, पेंगुळलेल्या माणसाच्या पापणीसारखा. साहेब काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. ते हळू आवाजात धाकटीला म्हणाले, "उद्या पाहुण्यांनी हात लावायच्या आधी हा पडला, तर तुमचं काम त्याच्याबरोबरच पडलं असं समजा."

साहेब गेल्यावर धाकटी माझ्याजवळ आली. "आई, उद्या सकाळी तेवढा कोपरा धर. पण कच्चंच हं. ओढलं की निघालं पाहिजे."

"हो गं."

"शपथ?"

"मी काय लहान आहे?"

सकाळी विमान बाहेर ओढून आणलं होतं. मी टोपलीतून वर गेले आणि डावा कोपरा धरला. कच्चा. पण 'तुमचं काम पडलं' हे शब्द कानातून जात नव्हते, म्हणून त्यावरून एकदा पक्का धरला. मग डावा पक्का आणि उजवा कच्चा हे बरं दिसेना, म्हणून उजवाही धरला. तेवढ्यात वारा आला आणि मधला भाग उचलला गेला. नकाशेवाल्यांचे बाण आठवले, म्हणून मध्येही धरलं. आणि मग सुईत दोरा उरला होता. उरलेला दोरा फेकून देणारी मी नव्हे.

खालून ह्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"कच्चंच ना?"

"तुम्ही तुमच्या चुण्या बघा."

समारंभाला ही गर्दी. व्यासपीठ, खुर्च्या, बँड. आम्हालाही मागच्या रांगेत बसवलं होतं. साहेबांनी भाषण केलं, की प्रवासाचं नवं पर्व सुरू होतंय. प्रमुख पाहुणे अंगाने भरलेले, मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांच्या हातात दोरी दिली. बँडमधल्या माणसाने झांजा वर धरल्या, पडदा पडला की वाजवायच्या म्हणून.

पाहुण्यांनी दोन बोटांनी दोरी ओढली. काही नाही. हसले. एका हाताने ओढली. मग दोन्ही हातांनी. मग साहेबांनी हात लावला, मग साहेबांच्या साहेबांनी, आणि बघता बघता पहिली रांगच्या रांग दोरीला लागली, टाचा रोवून. चुण्या नुसत्या हलत होत्या. झांजवाल्याचे हात थरथरायला लागले होते, पण खाली घेऊ का असं विचारायचं कोणाला?

एक टाका निघाला नाही. एवढ्या माणसांत मी एकटीच होते, जिला थोडंसं बरं वाटत होतं. मग माझं धाकटीकडे लक्ष गेलं. ती माईकपाशी उभी होती, चेहरा कागदासारखा, आणि ती शेपटीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. माझं बरं वाटणं जागच्या जागी संपलं.

मी उठले. टोपलीची गाडी चालवणाऱ्याला म्हटलं, "चल, वर घे."

साहेब धावत आले. "बाई, कापा ते! कात्री कुठाय तुमची?"

"तुमच्या फाटकावर. पिशवीत."

विमानाचे मेकॅनिक तिथेच होते, पण ते म्हणाले, नव्या रंगाजवळ पातं न्यायचं नाही, लेखी परवानगी लागेल. तोवर मी निम्म्यावर पोचले होते.

गाडीवाला म्हणाला, "मावशी, खाली बघू नका."

"मी जन्मभर खाली बघूनच काम केलंय. तू सरळ घे."

दोरा तोडायला कात्री नसेल तर शिवणारी माणसं काय करतात ते कोणालाही ठाऊक आहे. माझे दात सगळे माझे आहेत. पहिला टाका तोडला. दोऱ्याला नव्या रंगाची कडू चव होती. मग दुसरा. माझीच शिलाई, माझेच दात. कोण जिंकावं तेच मला ठरवता येईना.

आणि खालून धाकटीचा आवाज आला. माईकमधून, शांत, जणू हे सगळं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं.

"मान्यवरहो, आमच्या विमानात प्रत्येक गोष्ट किती घट्ट बसवलेली असते, ह्याचं प्रात्यक्षिक आपण आत्ताच पाहिलंत. सर्वांत वजनदार मान्यवरांनाही ती निखळवता आली नाही."

लोक हसले. पाहुणेही हसले, असं मला नंतर कळलं. मी टाके तोडत सरकत होते आणि ती बोलत होती. विमानाला मजले किती, जिना कुठे, वर बसलेल्यांना खालच्यांचा आवाज येतो का. विमानाबद्दलचं सगळं सांगून संपलं तेव्हा पडद्यांवर आली. चुण्या का घालतात, कापड दुप्पट का लागतं, चांगला पडदा कसा ओळखावा. हे तिने कधी ऐकलं असेल? मला वाटायचं, दुकानात बसून ती अभ्यास करते.

"आई," शेवटी ती माईकमधूनच म्हणाली, "किती राहिलेत?"

"एकच!" मी ओरडले, आणि तोडला.

पडदा सुटला. चुण्यांमुळे त्यात हवा भरली आणि तो धपकन न पडता सावकाश, तोऱ्यात, डुलत खाली आला. माझा कुठलाही पडदा इतका सुंदर पडलेला मी पाहिला नाही. अर्थात दुसरा कुठला पडलेलाच नाही. आणि तो पडला तो पहिल्या रांगेवर. पाहुणे, साहेब, साहेबांचे साहेब आणि बँड, सगळे आत. क्षणभर चिडीचूप. मग कापडाखालून कुठूनतरी झांज वाजली.

टाळ्या थांबेनात.

घरी येताना टेम्पोत धाकटी आमच्या मध्ये बसली. मग म्हणाली, "मी कच्चं घाल म्हटलं होतं."

"घातलं होतं."

"मग?"

"मग त्याच्यावरून पक्कं घातलं."

हे बाहेर बघायला लागले. धाकटी म्हणाली, "उद्या केबिनमध्ये बोलावलंय." त्यावर कोणीच काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, पण मशीनवर बसले नाही. समोरचीने दारातून विचारलं, "कसा झाला गं पडदा?" मी म्हटलं, "जरा घट्ट झाला," आणि विषय बंद केला.

धाकटी दुपारी आली. चप्पल न काढता खुर्चीत बसली. साहेब म्हणाले होते, की समारंभाचं काम ह्या मुलीला ह्यापुढे मी जिवंत असेपर्यंत द्यायचं नाही. मग म्हणाले, ज्यांचं सामान हरवतं ते प्रवासी ज्या खिडकीपाशी येऊन भांडतात, तिथे माणूस टिकत नाही. महिन्याभरात रडून पळून जातं. पडदा निघत नसताना, उभ्या उभ्या एवढ्या लोकांना हसत ठेवणारं माणूस त्यांना तिथे हवंय. कायमचं.

"कायमचं म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"पेनाने," धाकटी म्हणाली.

मी तिला जेवायला वाढलं आणि म्हटलं, ह्यात नवल काय. हे म्हणून झाल्यावर मात्र मला आत जाऊन जरा उभं राहावं लागलं.

काही दिवसांनी कात्री आणायच्या निमित्ताने मी विमानतळावर गेले. ती खिडकी शोधून काढली. पुढे मोठी रांग, सगळे चिडलेले. मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढचा एक गृहस्थ खिडकीवर हात आपटत होता, "माझी बॅग कुठाय? आत्ताच्या आत्ता!"

"तुमची बॅग मी शोधते," आतून धाकटी म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही. "पण तुमचा आवाज इथेच आहे, तो हरवलेला नाही. तेव्हा तो जरा खाली ठेवा."

त्याने खाली ठेवला. चक्क. बॅगेचा रंग सांगितला, उंची सांगितली आणि थँक्यू म्हणून गेला.

माझा नंबर आला. ती लिहीत होती. "काय हरवलंय आपलं?"

"काही नाही गं. तुला बघायला आले."

तिने वर पाहिलं. डोळ्यांत हसली, पण तोंड सरळ ठेवलं. "मग रांग अडवू नका. बाजूला व्हा."

मी बाजूला झाले. मला 'बाजूला व्हा' म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय, असं मी आजवर समजत होते. ते केव्हाच जन्माला आलं होतं, आणि मीच घातलं होतं.